फडात सापडलेलं पिल्लू

[दृश्य : ऊसतोड. उघडं पडत चाललेलं रान.]

ऊस तोडत तोडत टोळी शेवटच्या सरीला येते आणि पाचटात रानसशाचं एक पिल्लू दिसतं. मूठभर. डोळे टक्क उघडे, अंगावर दाट केस, कान पाठीला चिकटवलेले. माणूस जवळ आला तरी पळत नाही. कुणीतरी हळहळतं, "आई टाकून गेली गं बिचाऱ्याला." आणि पिल्लू ओच्यातून घरी येतं.

आईनं त्याला टाकलेलं नसतं. रानससा बीळ करत नाही. मादी उघड्यावरच एक-दोन पिल्लं घालते आणि दिवसभर मुद्दाम लांब राहते, कोल्ह्याकुत्र्यांना माग लागू नये म्हणून. अंधार पडला की येते, काही मिनिटांत पाजते, निघून जाते. तोवर न हलता पडून राहायचं, एवढंच त्या पिल्लाला ठाऊक असतं.

[दृश्य : आठवडी बाजार. पिंजऱ्यात पांढरे ससे.]

हे बाजारातले ससे वेगळे. यांचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात एकत्र राहणारे. यांची पिल्लं जन्मतात तीच बिनकेसांची आणि आंधळी. यांच्या पेशीत ४४ गुणसूत्रं, रानसशाच्या पेशीत ४८. दोघांचा संकरही होत नाही. मराठीत मात्र दोघांना नाव एकच, ससा. घोळ तिथूनच सुरू होतो.

[दृश्य : माळावर धावणारा ससा.]

भित्र्या माणसाला आपण सशाच्या काळजाचा म्हणतो. पण हे काळीज पाहा. शरीराच्या मानानं ते पाळीव सशाच्या काळजाहून कितीतरी मोठं असतं, मैदानात सुसाट पळण्यासाठी घडलेलं. अशा जिवाला खुराड्यात कोंडलं की तो जाळीवर धडका घेतो. हातात धरलं तर मागचे पाय इतक्या जोरानं झाडतो की स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. धडपडीनं स्नायू आतून निकामी होतात आणि मरण कधी कधी दोन दिवसांनी येतं. घरचे म्हणतात, काल तर चांगला होता.

दुधाचंही तसंच. सशिणीचं दूध गाईच्या दुधापेक्षा फार दाट असतं. वाटीतल्या दुधानं पिल्लाला हगवण लागते. ड्रॉपरनं घाईत पाजलं तर ते फुप्फुसात जातं. मायेनं पाजलेलं दूधच त्याला मारतं, हे सांगताना जीव तुटतो.

शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानससा पाळणं गुन्हा आहे.

[दृश्य : संध्याकाळ. शेताचा बांध.]

पिल्लू धडधाकट असेल तर ते होतं तिथेच, जवळच्या गवतात सावलीला ठेवा. तुमचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. कुत्री बांधून ठेवा. जखमी असेल तर खोक्यात, अंधारात ठेवा, काही पाजू नका, आणि महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

हे पिल्लू आम्ही बांधाच्या कडेला परत ठेवलंय. पुढचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. उजेड दिसला तर आई यायची नाही, म्हणून कॅमेरा इथेच बंद करतोय.