मग आभार कशाबद्दल?

जय ख्रिस्त, आणि सर्वांना नमस्कार.

नाताळच्या आठवणी सांगा म्हणून मंडळाने मला उभं केलंय, पण मनात दुसरंच घोळतंय. दिवाळीनंतर माझ्या मुलाची नोकरी गेली. इथे अमेरिकेत कामाच्या व्हिसावरच्या माणसाला नवी नोकरी शोधायला, नाहीतर देश सोडायला, जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, ते तुम्हाला मी काय सांगू? त्या आठवड्यातही घरी संध्याकाळची उपासना झाली. गीत संपलं आणि नऊ वर्षांच्या नातवाने विचारलं, "आजी, बाबांचा जॉब गेला ना? मग थँक्यू कशाबद्दल म्हणतोय आपण?"

सुनेने डोळे वटारले. मी म्हटलं, विचारू दे त्याला.

मला बहात्तरचा दुष्काळ आठवला. जालना-अंबडकडच्या मंडळींना मिलो, म्हणजे ती लाल ज्वारी, आणि वाटपाची सुकडी एवढं म्हटलं की पुरे. तो मिलो अमेरिकेतूनच यायचा. आई खडी फोडायला जायची. रात्री बाबा पेटी काढायचे. भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ, त्यामुळे लांबचा सूर मध्येच बसायचा. आईच्या तळहाताला फोड आलेले, तिला टाळ धरवत नसे. ती कोपराने मांडीवर ठेका धरायची आणि गायची.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचला होता. अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी प्रभूच्या ठायी आनंद करीन. समोर बैलजोडी मातीमोल विकून आलेली माणसं बसली होती. रिकामा गोठा म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

पण तोच हबक्कूक पहिल्या अध्यायात देवाशी भांडतो, किती काळ ओरडू, तू ऐकत का नाहीस म्हणून. तेरावं स्तोत्र तसंच सुरू होतं आणि सहा वचनांत गाण्यापर्यंत पोचतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, तेही शास्त्रात ठेवलंय. म्हणजे नातवाचा प्रश्न शास्त्राला नवा नाही. स्तुती करणारा माणूस 'नोकरी गेली, बरं झालं' असं म्हणत नाही. 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा 'ही देवाची शिक्षा' म्हणणारे भेटले. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ढिगाऱ्याखाली लेकरं गेली त्या आईला शिक्षेची भाषा कोण सांगणार? देव तिच्या शेजारी बसलाय, एवढं मी मानते, आणि त्याच्याच बळावर गाते.

आता थोडं रागावते. आपल्यात नोकरी गेली की माणूस मेळाव्याला यायचा बंद होतो. प्रार्थनेच्या ग्रुपवर 'सगळं ठीक' आणि जोडलेले हात. अहो, बहात्तरात कुणाची चूल पेटली नाही ते गल्लीला कळायचं! म्हणून भाकरी वाटली जायची, आणि गाणं सगळ्यांचं व्हायचं. एकट्याने दार लावून स्तुती करवत नाही, निदान मला तरी नाही. ज्यांच्या ऑफिसात जागा असेल त्यांनी सांगा, लाजू नका; ज्यांची नोकरी गेलीय त्यांनीही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांनी तुकोबांना टाकलं नाही, ख्रिस्ताची स्तुती अभंगात आणि भजनात बसवली. माझी आई शाळेत गेली नव्हती. ती भजनं तिला तोंडपाठ होती, म्हणून खडी फोडताना तिच्या ओठी शब्द होते.

नातवाला मी हबक्कूक मराठीत वाचून दाखवला. अर्धा त्याला कळला. रविवारी तो चर्चमध्ये गातो, गोड गातो, पण तिथली बहुतेक गाणी जिंकल्याची. रडत रडत म्हणायचं गाणं त्याला अजून कुणी शिकवलेलं नाही. मी शिकवायला बसले की अर्थ सांगता सांगताच गाणं राहून जातं. उद्या त्याची स्वतःची नोकरी जाईल, तेव्हा मी नसेन. त्या रात्री तो काय म्हणेल, आणि कुणाबरोबर?