देवकीची मागणी

श्रोतेहो, नमस्कार.

या भाषणासाठी मला दिलेला विषय फार मोठा होता: संसारातली आई, तिची श्रद्धा आणि तिचा वियोग. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा अधिकार कीर्तनकारांचा. मी कार्यालयात नोकरी करणारी, सकाळी डबे भरून एसटी गाठणारी बाई आहे, म्हणून मी त्यातल्या एकाच वियोगाबद्दल बोलणार आहे. हा वियोग बहुतेक घरांना माहीत असतो, पण चारचौघांत त्याचा उच्चार होत नाही. पोटातले मूल जन्माआधीच जाते, त्या वियोगाबद्दल मी बोलते आहे.

वैद्यकशास्त्र सांगते की लक्षात आलेल्या दर 100 गर्भारपणांपैकी साधारण 10 ते 20 अर्ध्यावर संपतात, त्यांतली बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत संपतात, आणि इतक्या लवकर जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच मुळात चुकलेली असते. स्कूटरवर बसल्यामुळे, ग्रहणात भाजी चिरल्यामुळे किंवा रोजच्या घरकामामुळे मूल गेले, असे म्हणायला आधार नाही. डॉक्टर हे समजावून सांगतात, बाईला ते पटतेही, आणि तरीही ती गेल्या पंधरवड्यात काय खाल्ले, काय उचलले याचा हिशेब मांडत बसते. तिने नाही मांडला तर शेजारणी मांडतात.

आमचे दुसरे मूल पाचव्या महिन्यात गेले. थोरली मुलगी तेव्हा पहिलीत होती. सोनोग्राफीत ठोके लागले नाहीत, आणि पुढचे सगळे त्याच संध्याकाळी सुरू झाले. त्या रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, पण तिथे मला बाळंतिणींच्याच खोलीत खाट दिली होती, आणि शेजारच्या पाळण्यातले बाळ बघायला येणारी माणसे सर्वांना पेढे वाटताना माझ्याही हातावर पेढा ठेवून जात. त्यांचा काही दोष नव्हता. त्या खोलीत खाटेवर पडलेली बाई बाळंतीणच असणार, असे त्यांनी धरले होते.

घरी आल्यावर मला दूध आले. चार-साडेचार महिन्यांनंतर मूल गेले तरी दूध येऊ शकते, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते, आणि म्हणून मी ते मुद्दाम आज या माध्यमातून सांगते आहे. तुमच्या घरी, शेजारी, कार्यालयात कोणावर ही वेळ आली तर त्या बाईला हे आधीच सांगून ठेवा. डॉक्टरांकडे त्यावर उपाय असतो. पण उपायापेक्षाही, मध्यरात्री भिजलेल्या कपड्यांनी उठून बसलेल्या बाईला आपल्याला काहीतरी भलतेच झाले आहे असे वाटू नये, हे जास्त महत्त्वाचे आहे.

आपल्याकडे घरातले माणूस गेले की पुढे काय करायचे ते ठरलेले असते. दहाव्याला पिंड आणि कावळ्याची वाट पाहणे, तेराव्याला गोड जेवण, महिन्यामहिन्याचे श्राद्ध, मग वर्षश्राद्ध, आणि त्यानंतर दर भाद्रपदात वद्य पक्षातली त्या माणसाची तिथी, त्या दिवशीची खीर, वडे, अळूची भाजी आणि आमसुलाची चटणी. या सगळ्याला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातला मंत्रांचा भाग पुरुषांकडे व चुलीचा भाग बायकांकडे येतो ही तक्रार माझीही आहे. पण घरातल्या कामकरी बाईला दुःखासाठी दिवस नेमून देणारी दुसरी कोणतीही व्यवस्था आपण उभी केलेली नाही. न जन्मलेल्या मुलासाठी मात्र यातले काहीच नाही. मनुस्मृतीत नियम आहे की गर्भ जितक्या महिन्यांचा तितक्या रात्रींनी स्त्री शुद्ध होते. म्हणजे पाच महिन्यांच्या गर्भाला पाच रात्री, आणि त्याही आईच्या शुद्धीसाठी. मुलाच्या नावे पिंड नाही, तिलांजली नाही, तिथी नाही. सरकारी दप्तराची गोष्टही फार वेगळी नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याखाली मृत जन्मलेल्या बाळाची नोंद होते, पण त्यासाठी गर्भारपणाचे 28 आठवडे भरलेले असावे लागतात. त्याआधी गेलेले मूल ना पंचांगात असते, ना नोंदवहीत.

त्या दिवसांत देवघराला शिवायचे नाही असे घरात ठरले. मी वाद घातला नाही. खरे सांगायचे तर सकाळचे एक काम कमी झाल्याचे मला बरेच वाटले.

सासूबाईंनी मात्र एक गोष्ट ठामपणे केली. त्या फार बोलणाऱ्या नाहीत, पण अशा बाईला बाळंतिणीपेक्षाही जास्त जपायला हवे, असे त्यांनी घरात सर्वांना बजावले आणि मला तेल लावून कडक पाण्याने अंघोळ घालणे, तूप घातलेली पेज वेळेवर देणे, मुलीला शाळेत सोडणे हे सगळे स्वतःकडे घेतले. वाडीतल्या बायका झाकलेले डबे घेऊन येऊ लागल्या, आणि त्या डब्यांबरोबर त्यांच्या स्वतःच्या घरांतल्या, कोणाला न सांगितलेल्या हकिकतीही आल्या. तिसरा महिना संपेपर्यंत बातमी सांगायची नाही ही आपली रीत दृष्ट लागू नये म्हणून आहे हे मला कळते. पण आनंदाची बातमीच सांगितलेली नसली, तर दुःखाची कोणाला सांगणार? कित्येक बायकांनी म्हणूनच ती इतकी वर्षे जपून ठेवली होती. यजमानांना मात्र कोणीच काही विचारले नाही. बिल भरणे, औषधे आणणे आणि नातेवाइकांना फोन करणे ही कामे पुरुषाची, एवढेच जणू त्यांच्या वाट्याचे होते.

मग घर पूर्वपदावर आले, म्हणजे मी कामाला लागले. देशभरात 2019 मध्ये झालेल्या वेळ-वापराच्या सरकारी पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनपगारी कामावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 97. माझे सगळे रडणे त्या मिनिटांतच झाले, कारण दुसरी मिनिटे नव्हतीच. भांडी घासताना रडता येते, कांदा चिरताना तर कोणी विचारतही नाही. मुलीकडून पाढे म्हणून घेताना मात्र रडता येत नाही, कारण ती बाराच्या पाढ्यात अडकते आणि आपल्याकडे पाहते.

नोकरीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मी कार्यालयात आजारपणाची रजा टाकली, कारण तसेच टाकायचे असते असे मला तिथे सांगितले गेले. वास्तविक 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात अशा प्रसंगी सहा आठवड्यांच्या भरपगारी रजेची तरतूद होती, आणि सामाजिक सुरक्षेच्या नव्या संहितेतही ती राहिली आहे. गर्भारपणाच्या सव्विसाव्या आठवड्यापर्यंत मूल गेले तर ती लागू होते, आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, असलेल्या कामगार स्त्रीलाही तितक्याच दिवसांचा लाभ आहे. धर्मशास्त्राने पाच रात्री दिल्या, कायद्याने 42 दिवस दिले. या एका बाबतीत कायदा अधिक मायाळू निघाला, असे मला प्रामाणिकपणे वाटते. अट एवढीच की तो आहे हे आपल्याला माहीत हवे.

आता श्रद्धेकडे येते. माझे माहेर गोव्यात, माशेलच्या बाजूचे, आणि सासर सावंतवाडीकडचे. दोन्हीकडे देवधर्म आहे आणि तो माझ्यातही आहे. पण त्या काळात श्रद्धेच्या नावाने जी वाक्ये माझ्या कानावर आली, त्यांतल्या एकानेही मला आधार दिला नाही. देवाची इच्छा. एक मुलगी पदरात आहे ना. अजून वय गेलेले नाही, पुन्हा होईल. पुढे मुलगा झालाही, आणि तेव्हा सर्वांनी आनंदाने सांगितले की पहिले सगळे भरून निघाले. मुलगा मला प्राणाहून प्रिय आहे, परंतु तो त्याच्या स्वतःच्या जागी आला आहे, दुसऱ्या कोणाच्या जागी नाही. हे मी कोणाला पटवून देऊ शकले नसते, जर श्रावणात सासूबाईंसाठी भागवताची पोथी वाचण्याचे काम माझ्याकडे आले नसते. त्यांचे डोळे अधू झाले, म्हणून मी वाचू लागले.

कृष्णजन्माची कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. कंसाने देवकीची सहा मुले मारली, आठवा कृष्ण वाचला. मधल्या सातव्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. दशम स्कंधात सांगितले आहे की योगमायेने तो गर्भ देवकीच्या उदरातून काढून रोहिणीच्या उदरी ठेवला, तोच बलराम. पण मथुरेतल्या लोकांना हे कसे कळणार? ते हळहळले, की अरेरे, देवकीचा गर्भ गळाला. म्हणजे आमच्या वाडीने माझ्याबद्दल जे म्हटले, तेच मथुरेने प्रत्यक्ष देवाच्या आईबद्दल म्हटले होते. पोथी वाचताना मी तिथे थांबले. सासूबाईंनी पुढे वाच असे म्हटले नाही.

त्याच स्कंधात बरेच पुढे, पंच्याऐंशीव्या अध्यायात, देवकी पुन्हा येते. तोपर्यंत कंस मरून किती काळ लोटलेला आहे, कृष्ण द्वारकेचा कर्ताधर्ता झाला आहे, त्याचा संसार मुलाबाळांनी भरला आहे. अशा भरल्या घरात ही आई मुलाकडे मागणी करते. तिने ऐकलेले असते की कृष्णाने आपल्या गुरूंचा, सांदीपनींचा, गेलेला मुलगा गुरुदक्षिणा म्हणून परत आणून दिला. मग ती म्हणते, माझीही ती सहा मुले मला बघायची आहेत. कृष्ण तिला समजावत नाही. मी आहे ना, असे म्हणत नाही. तुझा हा आठवा मुलगा साक्षात परमेश्वर आहे, आता आणखी काय हवे, असेही म्हणत नाही. तो आणि बलराम उठतात, सुतल लोकात बळीराजाकडे जातात आणि ती सहा मुले आणून आईच्या मांडीवर ठेवतात. इतक्या वर्षांनी देवकीला पान्हा फुटतो, ती त्यांना छातीशी धरून पाजते, पुन्हा पुन्हा त्यांची मस्तके हुंगते, आणि मग ती मुले सर्वांदेखत आपल्या लोकी निघून जातात.

ती राहत नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कथाकाराला ती ठेवून घेता आली असती. पण देवकीने ठेवून घेण्याचे मागितलेच नव्हते, तिने बघायचे मागितले होते, आणि तेवढे तिला मिळाले. परमेश्वर पोटी आला तरी आईला गेलेली मुले आठवतात, आणि तसे आठवणे हा अविश्वास नव्हे, हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी कथा मला ठाऊक नाही. दुधाचा तो उल्लेख वाचल्यावर तर ज्याने ही कथा पहिल्यांदा सांगितली त्याने ती कोण्या आईकडून ऐकली असावी, असा माझा ग्रह झाला आहे. विद्वानांनी तो मान्य करावा असा माझा आग्रह नाही.

माशेलला देवकीकृष्णाचे देऊळ आहे. देवकीची कृष्णासह पूजा होते अशी देवळे फारच थोडी. मूळ देवस्थान चोडण बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धर्मछळाच्या काळात मूर्ती आधी मयेला आणि नंतर माशेलला आली. गाभाऱ्यात देवकी उभी आहे आणि बाळकृष्ण तिच्या कमरेवर आहे. मी लहानपणापासून ती मूर्ती पाहत आले, पण पुराणाप्रमाणे पाहिले तर देवकीच्या कडेवर कृष्ण कधी बसलाच नाही, हे माझ्या लक्षात आले नव्हते. जन्मल्या रात्रीच वसुदेव त्याला गोकुळात घेऊन गेला. कडेवर घेणे, चालायला शिकवणे, लोण्यासाठी रागावणे हे सगळे यशोदेच्या वाट्याला आले. पुराणाने जे देवकीला दिले नाही ते आमच्या या देवळाने तिला दिले आहे. मी आता तिथे जाते तेव्हा नवस बोलत नाही. डोके टेकवते आणि बाहेर येते.

एकदा मुलीने तिथे मला विचारले की देवकीला तर आठ मुले होती, मग मूर्तीत एकच का. मी तिला बळीराजाची कथा सांगितली. तिने लगेच विचारले की आपले बाळही तिकडेच गेले असेल का. मला ठाऊक नाही, असे मी तिला सांगितले. श्रद्धा असलेल्या आईलाही हे उत्तर मुलांना देता यायला हवे, असे माझे मत आहे, कारण आपण नसलेली खात्री दाखवली तर ती मुलांना लगेच ओळखू येते. तिचे समाधान झाले की नाही ते मला सांगता येणार नाही. ती प्रसादाच्या रांगेत धावली.

आषाढी एकादशीला माशेलच्या या देवळात अहोरात्र भजन चालते आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, समोरच्या मैदानात चिखलकाला होतो. अंगाला तेल चोपडून लहानथोर पुरुष पावसाच्या चिखलात लोळतात, एकमेकांना ओढतात, कृष्ण सवंगड्यांबरोबर खेळत असे ते सारे खेळ पोटभर खेळतात. अलीकडे पर्यटन खात्यानेही हा उत्सव हाती घेतल्यामुळे कॅमेरेवाल्यांची गर्दी वाढली आहे, ती मला फारशी आवडत नाही. पण देवकीने आपल्या मुलाचे जे बालपण पाहिले नाही ते दर वर्षी तिच्या दारात मांडले जाते, हे मला आवडते. आमचा मुलगा आता त्यात उतरण्याएवढा मोठा झाला आहे. मी त्याला सकाळी डोक्यापासून पायापर्यंत खोबरेल तेल लावते, कारण त्यामुळे चिखल लवकर सुटतो असे माझी आई सांगते. कानांमागचा मात्र कितीही चोळला तरी सुटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना तो दिसतोच.