पंप बंद झाल्यावर काय होतं

बसा बसा, पुढे जागा आहे. आधी ही बाटली बघा, मागच्यांना दिसतेय ना? पाणी एकदम नितळ. हे बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाशी भरून घेतलंय. आता यात मी दोन चिमूट खायचा सोडा टाकतो... फसफसलं, आणि हा बघा गाळ, नारिंगी. एवढं लोखंड आधीपासून त्यातच होतं हो, ॲसिडमध्ये विरघळलेलं होतं म्हणून दिसत नव्हतं. त्यामुळे खाणीखालचा ओढा नितळ दिसला तर लगेच खूश होऊ नका, कधीकधी त्यात काही जगतच नाही म्हणून तो तसा असतो.

खाण चालू असते तोवर पंप रात्रंदिवस पाणी उपसतात. खाण बंद, पंप बंद, माणसं घरी, पण पाणी कुठे घरी जातंय, ते चढत राहतं. खडकात पायराइट असतो, म्हणजे लोखंड आणि गंधक, लाखो वर्षं झाकण लावल्यासारखा गप पडलेला, आपण बोगदे खणून त्याला हवा दिली, वरून पाणी, झालं सल्फ्युरिक ॲसिड तयार! त्यात काही जिवाणूंचं पोटच या लोखंडावर चालतं, ते हा कारभार कितीतरी पटीने वाढवतात. मग वाटेत जस्त, तांबं, कॅडमियम, जे भेटेल ते ॲसिड सोबत घेऊन निघतं.

इंग्लंडात कॉर्नवॉलला व्हील जेन नावाची कथलाची खाण होती. १९९१ ला पंप थांबले आणि त्याच वर्षी पाणी वर आलं, बोगद्याला बूच मारलं, जानेवारी १९९२ मध्ये ते सुटलं आणि कोट्यवधी लिटर पाणी थेट खाडीत, खाडी नारिंगी. कोलोरॅडोतली गोल्ड किंग तर १९२३ पासून बंद, तरी ५ ऑगस्ट २०१५ ला फुटली, तीही पर्यावरण खात्याचंच काम चालू असताना, तोंडाशी उकरताना. ३० लाख गॅलन! ॲनिमस नदी पिवळीधमक. लोक खात्याला हसले, मला नाही हसू आलं, आत किती पाणी कोंडलंय ते बाहेरून कळतच नाही ना. आणि मोंटानातल्या बर्कली पिटमध्ये, तांब्याची उघडी खाण ती, आता तळं झालंय, १९९५ ला थव्यातले ३४२ हंस मेलेले सापडले. आता पक्षी टेकू नयेत म्हणून तिथे माणसं बंदुकीचे बार काढतात.

मगाशी कोणीतरी म्हणालं, चुना टाका की. टाकतातच, व्हील जेनला त्याचा प्लांटच बसवलाय. पण खडकात पायराइट आहे तोवर ॲसिड येत राहणार, चुना टाकत राहायचं, आणि रोज हा असा गाळ निघणार, त्यात सगळे धातू, तो टाकायचा कुठे? खाण काढणारी कंपनी तोवर शिल्लक असेलच असं नाही, बिल बहुतेक सरकारकडे येतं. मला विचाराल तर खाणीला परवानगी देतानाच बंद झाल्यानंतरचे पैसे बाजूला काढून घ्यावेत, नंतर कोणी देत नाही.

बरं, बाटली कोणी उचलू नका हं. ती मी परत नेणार आहे, इथल्या बेसिनमध्ये ओतता येणार नाही.