निदानाआधीची नोंद

अचानक पोट दुखू लागलेला रुग्ण रुग्णालयात येतो, तेव्हा तातडीने शस्त्रक्रिया करायची की थोडे थांबून पाहायचे, हे डॉक्टरांना लवकर ठरवावे लागते. अपेंडिक्सला सूज आली असेल तर थांबणे जिवावर बेतू शकते. नसेल, तर पोट विनाकारण उघडले जाते. इंग्लंडमधील लीड्स येथे शल्यचिकित्सक डी डॉम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हा पेच संगणकापुढे ठेवला. दुखणे कुठे सुरू झाले, कुठे सरकले, उलटी झाली का, हे सारे ठरलेल्या तक्त्यात नोंदवले जाई आणि त्यावरून संगणक प्रत्येक आजाराची शक्यता मोजत असे. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३०४ रुग्णांमध्ये संगणकाचे निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर ठरले, तर ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के वेळा.

आकडे लक्षवेधी आहेत. तरी या प्रयोगातली अधिक मोलाची गोष्ट आम्हाला वेगळीच वाटते. प्रयोग चालू असताना डॉक्टरांचे स्वतःचे निदानही सुधारत गेले आणि तो संपल्यावर पुन्हा घसरले. तक्ता भरायचा असल्यामुळे कोणताही प्रश्न गाळता येत नव्हता, आणि आपले कुठे चुकले हेही कळत होते. वैद्यकीय शिक्षणात याहून अधिक काय हवे असते?

संशोधनाचा धागाही याच तक्त्यातून निघतो. लीड्समधल्याच दुसऱ्या एका चाचणीत प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींऐवजी डॉक्टरांनी अनुभवावरून सांगितलेले अंदाज संगणकाला पुरवले, तेव्हा त्याची अचूकता ९१.१ टक्क्यांवरून ८२.२ टक्क्यांवर आली. कोणते लक्षण किती रुग्णांत आढळते, याबाबत जाणकारांची स्मृतीही फसवी ठरते. उलटी झाली की नाही, हे प्रत्येक केसपेपरवर एकाच पद्धतीने लिहिलेले असेल तरच हजारो रुग्णांची मोजदाद करता येते. घाईत खरडलेल्या ‘पोटाची तक्रार’ या दोन शब्दांतून काहीच मोजता येत नाही.

नोंद हाताशी असूनही ती वेळेवर आठवणे हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील इंडियाना येथे क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांनी १९७६ साली दाखवून दिले की, संगणकाने आठवण करून दिल्यास डॉक्टर ५१ टक्के प्रसंगी योग्य ती पावले उचलतात. एरवी हे प्रमाण २२ टक्केच होते. हा दोष त्यांनी डॉक्टरांच्या निष्काळजीपणावर न ढकलता माणसाच्या लक्षात राहण्याच्या मर्यादेवर ठेवला, आणि ते योग्यच म्हणावे लागेल.

मात्र हीच मर्यादा आज दुसऱ्या बाजूने आडवी येते. पडद्यावर इतक्या सूचना उमटतात की त्यांपैकी अनेक न वाचताच बंद केल्या जातात, आणि रुग्णाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याची सूचनाही त्याच ओघात निघून जाऊ शकते.