रिव्हर्ब, म्हणजे आवाज खोलीत घुमल्याचा इफेक्ट, नेमका कुठे लावायचा?

(पडद्यावर: मिक्सरवरचा एक नॉब, फिरवणारा हात)

१९७० च्या दशकाची सुरुवात. जमैकातलं किंग्स्टन. ऑसबर्न रडॉक हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. लोक त्याला किंग टबी म्हणत. समोर चार ट्रॅकची टेप. गायकाचा आवाज काढून टाकायचा आणि मधेच त्याचा एखादाच शब्द, नाहीतर स्नेअर ड्रमचा एकच फटका, एकोकडे सोडायचा. शब्द संपलेला असे, पडसाद मात्र ड्रम-बेसवर घुमत राही. कारण एको चॅनलच्या, म्हणजे त्या आवाजाच्या स्वतःच्या वाटेच्या, आत नव्हताच. तो शेजारच्या वाटेवर होता: सेंडने आवाज तिकडे जायचा, रिटर्नने परत यायचा.

१९९३ मध्ये मॉरित्झ फॉन ओसवाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी बर्लिनमध्ये बेसिक चॅनल हे रेकॉर्ड लेबल सुरू केलं. त्यांच्या टेक्नोत कॉर्ड जेमतेम एखादी. खरी हालचाल एको आणि रिव्हर्बची.

(पडद्यावर: लॅपटॉप, चॅनलांची रांग)

आता प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला इफेक्ट, हवा तितक्या वेळा लावता येतो, म्हणून प्रत्येक चॅनलवर वेगळा रिव्हर्ब. सहा वाद्यं सहा खोल्यांत वाजतात आणि मिक्स गढूळ का झालं, याची शोधाशोध मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनलवर, चालते!

एक छोटा रिव्हर्ब, एक लांब, एक डिले (ठरावीक वेळाने आवाज परत ऐकवणारा). बहुतेक ट्रॅकना एवढे रिटर्न पुरतात. रिटर्नवर इफेक्ट शंभर टक्के वेट, म्हणजे मूळ कोरडा आवाज त्यात नाही. रिव्हर्बच्या आधी ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारं साधन) लावून २००-३०० हर्ट्झच्या खालचं कापा. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) डॉटेड एट्थचा, म्हणजे पाऊण ठोक्याचा, डिले येतो साधारण ३५२ मिलिसेकंद. किक (बेस ड्रम) पडली की रिटर्न दबेल, असा साइडचेन त्यावर.

पॅरलल कॉम्प्रेशनमध्ये ड्रमची दुसरी प्रत कॉम्प्रेसरने (मोठे आवाज दाबणारं साधन) निर्दयपणे दाबायची आणि मूळ ड्रमखाली हळूहळू चढवायची. फटक्याची धार टिकते, हायहॅट झांजेची शेपटी वर येते. फसगत इथेच होते, कारण मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. दोन हुबेहूब सिग्नल मिसळले तर पातळी ६ डेसिबलने वाढते, तेव्हा पातळी सारखी करूनच तुलना करा. आणि तेवढ्याच पातळीची प्रत एक मिलिसेकंद उशिरा आली, तर ५०० हर्ट्झला खड्डा, १५०० ला दुसरा. स्नेअर पोकळ वाजतो. सॉफ्टवेअर सहसा हा उशीर भरून काढतं. बाहेरचं हार्डवेअर जोडलंत, तर तो स्वतः मोजावा लागतो.

राहिला सेंड. पोस्ट-फेडर, म्हणजे चॅनलची पातळी ठरवणाऱ्या फेडरच्या नंतर, असेल तर फेडरबरोबर रिव्हर्बही खाली जातो. ब्रेकडाउनला, म्हणजे ड्रम थांबतात त्या भागात, कोरडा आवाज काढून नुसता रिव्हर्ब हवा असेल, तर तेवढा एक सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधी, ठेवा.