शोधकाच्या नावापुढचं गाव

मंडळी, नमस्कार.

अमेरिकेतल्या एखाद्या अलीकडच्या पेटंटचं पहिलं पान काढून बघा. (७२) या आकड्यापुढे शोधकांची नावं असतात, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं गाव. तिथे 'पुणे' दिसलं की मला आजही भरून येतं. मग नजर खाली (७३) कडे जाते. तिथे मालकाचं नाव असतं, आणि बहुतेक वेळा ते परदेशी कंपनीचं निघतं. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं बंगळूरमध्ये संशोधन केंद्र काढलं, तेव्हापासून हे वाढतच गेलं आहे.

भारतातल्या अर्जांचं चित्र मात्र पालटलंय. २०१३ मध्ये दर चारांपैकी जवळजवळ तीन अर्ज परदेशातून येत. २०२३ मध्ये एकूण अर्ज ९० हजारांवर गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त देशातल्या रहिवाशांचे होते. आनंदाचीच गोष्ट आहे. तरी अर्ज म्हणजे मंजुरी नव्हे, हे ध्यानात असू द्या.

मला खरं बोलायचंय ते आपल्याविषयी. इथले, म्हणजे अमेरिकेतले, कितीतरी जण पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांबरोबर काम करतात. शोध दोन्हीकडच्या लोकांचा असतो, अर्ज मात्र घाईघाईत इथेच दाखल होतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३९ कुणी बघत नाही. भारतात राहणाऱ्या शोधकाला परदेशात अर्ज करायचा तर आधी परवानगी लागते. नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. यात नागरिकत्व बघत नाहीत, वास्तव्य बघतात. हे टाळलं तर भारतातला अर्ज सोडून दिला असं धरलं जातं.

माझ्या ओळखीतल्या एका गटानं यावर भलताच उपाय काढला. पुण्यातल्या ज्या मुलीनं चाचणीतली मुख्य अडचण सोडवली होती, तिचं नावच अर्जातून गाळलं. परवानगीची कटकट नको म्हणून. अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध झाला तेव्हा तिला कळलं. तिची नोंदवही मी पाहिली आहे: तारखा, वेळा, तिच्या अक्षरातली आकृती. मला हा अन्याय अजून बोचतो. शिवाय खरा शोधक वगळला तर अमेरिकेत पेटंटच धोक्यात येतं.

आणि कटकट तरी केवढी? फॉर्म २५ भरला की परवानगी साधारण २१ दिवसांत मिळते. भरलेला एक नमुना मी आणलाय. ज्यांचं असं काम चालू आहे, त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे या, आपण एकत्र बसून बघू.