नाव कानाने तपासायचं असतं
(सांगलीत नव्या उद्योजकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार. मघाशी चहाच्या वेळी एका दादांनी मला त्यांचं व्हिजिटिंग कार्ड दिलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं आणि नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’. मी विचारलं, कंपनी कधी नोंदवली? म्हणाले, ‘अजून कुठं, दिवाळीनंतर करायचीय. पण नाव अव्हेलेबल आहे, बघितलंय मी.’ दादा, घाबरू नका, तुम्हाला उभं करत नाही. पण ती कार्डं आज खिशातच ठेवा. कंपनी नोंदवायच्या आधी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावून व्यवहार केला तर कंपनी कायद्याच्या ४५३ कलमाखाली रोजचा ५०० ते २,००० रुपये दंड आहे. रोजचा म्हणतेय मी, एकदाचा नव्हे.

आता ‘बघितलंय’ म्हणजे कुठे बघितलंय? कुणी गुगलवर टाकून बघतं. कुणाला डोमेन मिळालेलं असतं. कुणाकडे त्या नावाचा शॉप अ‍ॅक्ट असतो, जीएसटी नंबर असतो. यातलं काहीही तुम्हाला नावाचा हक्क देत नाही. शॉप अ‍ॅक्टवाले तुम्हाला नाव विचारतात, ते दुसऱ्या कुणाचं आहे का हे विचारत नाहीत. म्हणून तर एका पेठेत तीन ‘श्री गणेश’ सुखाने नांदतात. कंपनीचं तसं नाही. देशभरात त्या नावाची एकच.

आणि हे नाव तपासतं कोण? सांगली, पुणे, मुंबई नाही. जानेवारी २०१६ पासून देशभरातल्या नव्या नावांचे अर्ज हरियाणात मानेसरला एका केंद्रात जातात. तिथे तुमचं नाव इंग्रजी अक्षरांत पोचतं आणि ते मराठी न येणाऱ्या माणसाच्या हातात पडू शकतं. आपली माणसं नेमकी इथे आपटतात.

आपण ‘अमृत’ लिहिताना ‘यू’ वापरतो, हिंदीवाले ‘आय’. कृपा, संस्कृती, गृह, सगळ्यांचं तेच. ‘ज्ञान’ आपण ‘डी’पासून सुरू करतो, ते ‘जी’पासून. वाडा ‘व्ही’ने लिहायचा की ‘डब्ल्यू’ने, हे तर आपलं आपल्यातही ठरलेलं नाही. माझ्याकडे तासगाव भागातलं एक नवरा-बायकोचं जोडपं आलं होतं, बेदाण्याचा व्यवसाय. नावात ‘कृपा’ होतं, सासूबाईंचं नाव. वहिनींनी स्वतः केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शोधलं होतं, ‘यू’ घालून. काही निघालं नाही. त्यांनी पाच हजार पाउच छापून घेतले आणि मग माझ्याकडे आल्या. मी ‘आय’ घालून शोधलं, तर पहिल्याच पानावर कंपनी हजर, तीही खाद्यपदार्थांतलीच. वहिनी स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, ‘पण ती क्रिपा आहे, आमची कृपा आहे.’ आपल्या कानाला ते पटतं. तरी मी अर्ज करून पाहिला, त्यांच्या आग्रहापोटी. नामंजूर. ते पाउच पुढे दोन वर्षं घरात डाळी-कडधान्यं भरायला पुरले.

नियम मुळात कानासाठीच लिहिलेत. कंपनी नोंदणी नियमांतला आठवा नियम वाचा, २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला. त्यात उदाहरणं दिलीत, आणि मला ती फार आवडतात. ‘ग्रीन टेक्नॉलॉजी’ आणि ‘ग्रीन्स टेक्नॉलॉजीज’ एकच. ‘रवी बिल्डर्स अँड काँट्रॅक्टर्स’ उलटं करून ‘रवी काँट्रॅक्टर्स अँड बिल्डर्स’ केलं तरी एकच. मागे डॉट कॉम लावा, मध्ये अकरा आकडा घाला, गावाचं नाव जोडा, एकच. ‘डिस्क’चं स्पेलिंग ‘सी’ने केलं काय, ‘के’ने केलं काय, एकच, ‘डिस्को’ मात्र वेगळं. भाषांतरसुद्धा चालत नाही: ‘नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन’ म्हणजेच ‘राष्ट्रीय विद्युत निगम’. हा नियम हिंदी-इंग्रजीपुरताच लिहिलाय, मराठीचा त्यात उल्लेख नाही. पण म्हणून पळवाट सापडली असं समजू नका, कारण आपले आणि हिंदीचे निम्मे शब्द तेच आहेत.

बंद पडलेल्या कंपन्यांचंही बघा. रजिस्टरवरून काढून टाकलेली कंपनी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊन वीस वर्षांपर्यंत पुन्हा जिवंत होऊ शकते, म्हणून तिचं नाव वीस वर्षं राखून ठेवतात. २०१७-१८ या एका वर्षात दोन लाखांहून जास्त कंपन्या अशा काढल्या गेल्या. त्यांची नावं २०३७-३८पर्यंत अडकलीत. धंदा करत नाहीत, नाव मात्र अडवून बसल्यात.

आपल्याकडचा आणखी एक हट्ट म्हणजे महाराजांचं नाव. भावना मी समजू शकते. पण १९५०चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराचा कायदा आहे, त्याच्या परिशिष्टात गांधी आणि नेहरूंबरोबर ‘शिवाजी’ हा शब्दच घातलेला आहे. धंद्यासाठी तो केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. ‘नॅशनल’, ‘बोर्ड’, ‘कमिशन’ असल्या शब्दांनाही सरकारची आधी मंजुरी लागते.

आता ट्रेडमार्क, म्हणजे माल किंवा सेवा ओळखू येण्यासाठीचं नाव किंवा चिन्ह. कंपन्यांचं रजिस्टर वेगळं, ट्रेडमार्कचं वेगळं. पहिल्यात नाव मोकळं दिसलं तरी दुसऱ्यात कुणाचं असू शकतं. नुसता अर्ज पडून असला तरी त्या माणसाची लेखी संमती लागते. शोध फुकट आहे, पण वर्ग बरोबर निवडावा लागतो. एकूण ४५ वर्ग, पहिले ३४ मालाचे, उरलेले सेवांचे. आपल्या भागाला समजेल असं सांगते: द्राक्ष वेलीवरून उतरलं की ३१व्या वर्गात, वाळून बेदाणा झाला की २९व्या वर्गात आणि वाईन केली तर ३३व्या वर्गात. म्हणजे बेदाणेवाल्याने ३१वा बघून ‘मोकळं आहे’ म्हटलं तर तो शोध वाया गेला. शोधताना उच्चारावरून शोधण्याची जी सोय आहे, फोनेटिक, तीही वापरा. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचा वाद होता. तुम्ही-आम्ही म्हणू, कुठे अमृत आणि कुठे लक्ष्मण. न्यायालय म्हणालं, साधा गिऱ्हाईक दोन नावं शेजारी ठेवून फोड करत बसत नाही, त्याला अर्धवट आठवतं. म्हणून ती दोन नावं फसगत होण्याइतकी जवळची ठरली.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आलीय: ‘आमचं स्वतःचंच नाव असेल तर?’ यावर महिंद्राचा खटला वाचा. गुजरातेत ‘महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स’ नावाची रीतसर नोंदलेली कंपनी होती. त्यांचं म्हणणं, महेंद्र हे आमचं आधीपासूनचं नाव. मुंबईच्या ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ने मुंबई उच्च न्यायालयातून मनाई मिळवली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. नोंदणीचा दाखला हातात असूनही.

ट्रेडमार्कवाला कंपनी नोंदल्यापासून तीन वर्षांत सरकारकडे, म्हणजे प्रादेशिक संचालक या अधिकाऱ्याकडे, जाऊन तुमचं नाव बदलायचा आदेश मिळवू शकतो. आदेश आल्यावर तीन महिन्यांची मुदत. नाही बदललं तर सप्टेंबर २०२१ पासून सरकारच तुम्हाला नाव देतं: ‘ओआरडीएनसी’, त्यापुढे साल, अनुक्रमांक आणि तुमचा कंपनी नंबर. त्या अक्षरांचा अर्थ ‘प्रादेशिक संचालकाचा आदेश पाळला नाही’. लावा तो बोर्ड दुकानावर.

तर करायचं काय? नावातला मुख्य शब्द सुटा काढा. फूड्स, इंडिया, एंटरप्रायझेस हे बाजूला ठेवा. तो शब्द इंग्रजीत जितक्या प्रकारे लिहिता येईल तितका लिहा, मराठी वळणाने, हिंदी वळणाने, एकवचन, अनेकवचन. प्रत्येक स्पेलिंग मंत्रालयाच्या पोर्टलवर शोधा, एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्या धरून, मग ट्रेडमार्कच्या रजिस्टरमध्ये. मग ‘स्पाइस प्लस’ या कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मचा पहिला भाग भरा. हजार रुपये फी, दोन नावं देता येतात, दुरुस्तीची एक संधी. मंजूर झालं की नाव वीस दिवस तुमच्यासाठी राखलेलं असतं. तेवढ्यात बाकीचे कागद जमले नाहीत तर पैसे भरून साठ दिवसांपर्यंत वाढवता येतं, पण वीस दिवस संपायच्या आत. छपाई या सगळ्यानंतर.

तुम्ही नावं लिहून दिलेल्या चिठ्ठ्या इथे आहेत. लॅपटॉप चालू आहे, जमतील तेवढी आत्ता बघू. अकरा चिठ्ठ्या आहेत आणि त्यातल्या तिघांनी ‘अमृत’ लिहिलंय. त्या तिघांनी आधी पुढे या.